‘गेम’ म्हणजे नेमका कोणता?

अहिल्यानगर, खास प्रतिनिधी :

गेल्या वर्षी, जुलै २०२५मध्ये, विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन आटोपताच एक चित्रफीत राज्यभर गाजली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करीत, कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी २० जुलै रोजी ती समाजमाध्यमावर टाकली होती. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असा खुलासा कोकाटे यांनी केला. ३१ जुलै रोजी कृषी खाते त्यांच्याकडून गेले आणि क्रीडा खाते त्यांच्याकडे आले. हा राजकीय भाग सर्वश्रुत आहे.

त्या दहा-बारा दिवसांच्या चर्चेतील एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. चहाच्या टपरीवर, वाहिन्यांवर आणि आम्हा बातमीदारांच्या मजकुरातही ‘मोबाईल गेम’ हा एकच शब्द सरसकट वापरला जात होता. पैसे लावून खेळायची रमी, शाळकरी मुलांचे पबजी, आजीबाईंचा लुडो आणि पुण्यात तयार होऊन जगभर खेळला गेलेला एखादा कलात्मक व्हिडिओ गेम, हे सारे एकाच पोत्यात भरले गेले. क्रिकेट आणि मटका या दोहोंना ‘खेळ’ म्हणून एकाच बातमीत बसविणारा बातमीदार संपादकांच्या खोलीतून सहीसलामत बाहेर येणार नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र हे रोज खपते. या विषयावर मराठीत जिव्हाळ्याने आणि तरीही विश्वासाने वाचावे असे लेखन का होत नाही, याचे उत्तर या एका शब्दापाशीच सुरू होते.

दोन ठराविक सूर

मराठी वृत्तपत्रांत व्हिडिओ गेम साधारणतः दोन सुरांत अवतरतो. पहिला सूर काळजीचा. मुलाने घर सोडले, अभ्यास बुडाला, कोणी जीव दिला की ‘गेमच्या नादातून’ हे शब्द शीर्षकात येतात. दुसरा सूर टाळ्यांचा. नवा खेळ बाजारात आला की कंपनीने पाठविलेला मजकूर विशेषणांसह जसाच्या तसा छापला जातो. पहिल्या सुरात माहिती नसते, दुसऱ्यात तटस्थता नसते. दोन्हींत समान गोष्ट एकच, ती म्हणजे लिहिणाऱ्याने तो खेळ बहुधा पाहिलेलाही नसतो.

प्रस्तुत प्रतिनिधी या दोषापासून मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एक शाळकरी मुलगा दोन दिवस घरातून नाहीसा झाला होता. ‘मोबाईलवर सारखा गेम खेळायचा,’ या शेजाऱ्यांच्या एका वाक्यावर बातमी उभी राहिली. कोणता गेम, किती वेळ, हे विचारण्याची गरज तेव्हा वाटली नाही. मुलगा सुखरूप परतला. परीक्षेचे गुण घरी सांगण्याची त्याला भीती वाटली होती, असे नंतर समजले. तो खुलासा मात्र छापला गेला नाही. स्वतः लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दूरदर्शन संचाला यंत्र जोडून ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ खेळलेल्या माणसाने ही चूक करावी, याची बोच अजून आहे. आवड होती, अनुभवही होता; फक्त लिहिण्याच्या वेळी त्या दोहोंना दाराबाहेर उभे केले गेले.

आखाड्याचा धडा

खेळावर जीव ओतून लिहायचे आणि विश्वासही टिकवायचा, ही कला मराठीला नवी नाही. तिचा पुरावा याच शहरात मिळाला. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगर येथे ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. पाठ पूर्ण टेकलीच नाही, असा राक्षेचा दावा होता. वाद इतका चिघळला की राक्षेने पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम फेरीत महेंद्र गायकवाड लढत अर्धवट सोडून निघाला आणि मानाची गदा मोहोळकडे गेली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली.

त्या रात्री खरा प्रश्न होता तो एकच : दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले की नाही? ज्या बातमीदाराला चितपट म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याचे वर्णन कितीही आवेशाचे असले तरी वाचक त्यावर विसंबतो. ढाक, पट, धोबीपछाड या डावांची नावे सजावटीसाठी वापरायची नसतात. कोण कशामुळे जिंकला हे त्यांतून कळते. कुस्तीवर प्रेम असूनही त्या रात्रीचे गैरवर्तन लपविणारा बातमीदार वाचकांच्या मनातून उतरला असता. जिव्हाळा आणि तटस्थता यांचे वैर नसते, हे आखाड्याने आपल्याला केव्हाच शिकविले आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा धडा गिरवायचा राहिला आहे.

‘राजी’ची कसोटी

याचे चांगले उदाहरण आपल्या शेजारीच, पुण्यात आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातील छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ तयार केला. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी ठरला. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी एकाने घर विकले. अखेर ऑगस्ट २०२०मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर हा खेळ आला. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. राक्षसांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली डोंबारी खेळ करणारी मुलगी आणि तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ, असे त्याचे कथानक आहे. राजस्थानी वास्तूंचे सज्जे, लघुचित्रांची आठवण करून देणारे रंग आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा, हे पाहून कोणाही मराठी माणसाला अभिमान वाटावा.

परंतु अभिमान हा परीक्षणाचा पर्याय नव्हे. याच खेळातील लढाया लवकरच एकसुरी होतात, दृश्याचा कोन खेळणाऱ्याला बदलता येत नसल्याने उड्या चुकतात आणि काही तासांतच संपणारी कथा मध्येच तुटल्यासारखी वाटते. हे आक्षेप परदेशी समीक्षकांनी नोंदविले आणि सोबत त्याच्या सौंदर्याचे मनापासून कौतुकही केले. ‘भारताचा झेंडा फडकला’ एवढेच लिहिणाऱ्याने ना वाचकाचे हित साधले, ना त्या चमूचे. पदरचे पैसे मोजणाऱ्या वाचकाला दोन्ही बाजू कळायला हव्यात. दोष सांगणाऱ्याने केलेली स्तुतीच खरी वाटते.

उत्साहाची किंमत

जगातील अनुभवही हेच सांगतो. नोव्हेंबर २००७मध्ये ‘गेमस्पॉट’ या अमेरिकी संकेतस्थळाचे ज्येष्ठ समीक्षक जेफ गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आले. ज्या खेळाची मोठी जाहिरात त्याच संकेतस्थळावर झळकत होती, त्या ‘केन अँड लिंच’ला त्यांनी साधारण गुण दिले होते. यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे गर्स्टमन यांना उघडपणे सांगता आले ते २०१२मध्ये. पुढे डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ या बहुचर्चित खेळाबाबत वेगळाच प्रकार घडला. समीक्षकांना आधी संगणकावरील आवृत्तीच देण्यात आली. जुन्या कन्सोलवरील आवृत्ती किती सदोष आहे, हे विकत घेतलेल्या लोकांना घरी गेल्यावर कळले. सोनीने काही दिवसांतच तो खेळ आपल्या ऑनलाईन दुकानातून काढून टाकला. आधीच्या स्तुतीत सर्वत्र लबाडी होती असे नव्हे. पण आपण काय खेळलो आणि काय खेळलो नाही, हे ठळकपणे सांगणे किती आवश्यक असते, ते तेव्हा स्पष्ट झाले.

मराठीत तर याची सुरुवातच व्हायची आहे. खेळ विकत घेतला की कंपनीने दिला, किती तास खेळला, शेवटपर्यंत नेला की नाही, कोणत्या यंत्रावर खेळला, या चार गोष्टी लेखाच्या आरंभी दोन ओळींत मावतात. एवढा प्रामाणिकपणा दाखविल्यावर लेखकाने मनसोक्त उत्साहाने लिहावे. वाचक तो उत्साह जरूर वाटून घेईल.

कायद्याने केलेली फोड

कोकाटे प्रकरणानंतर महिनाभरातच केंद्राचा ऑनलाईन गेमिंग कायदा आला. लोकसभा, राज्यसभा आणि राष्ट्रपतींची संमती हे सारे २० ते २२ ऑगस्ट २०२५ या तीन दिवसांत पार पडले. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये म्हटले होते. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाईन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदीची तरतूद झाली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ यांना मात्र वेगळे स्थान मिळाले. पैशाच्या खेळांत सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. कायद्याचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. जी फोड बातमीदारांनी आपल्या लेखणीने करायची, ती कायद्याच्या मसुद्याला करावी लागली, हे मात्र नाकारता येणार नाही.

व्यसनाबाबतही हीच काटेकोरता हवी. जागतिक आरोग्य संघटनेने खेळासंबंधीच्या विकाराचा आजारांच्या यादीत समावेश केला असून ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यासाठीच्या अटी स्पष्ट आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे आणि हे सामान्यतः बारा महिने टिकणे. सुट्टीत चार तास खेळणारे प्रत्येक पोर या व्याख्येत बसत नाही. जे बसते, त्याला मात्र उपदेशाची नव्हे, उपचाराची गरज असते.

हा केवळ लेखनशैलीचा प्रश्न नाही. प्रत्येक खेळाला राक्षस ठरविणाऱ्या बातम्या घरातील मुले वाचतात आणि हसून बाजूला ठेवतात, कारण त्यांना तो खेळ लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. मग खरोखर पैशाचा सापळा असलेले अ‍ॅप त्यांच्या हाती येते, तेव्हा आपला इशाराही ती त्याच हसण्यावारी नेतात. पालकांची स्थिती उलट आहे. त्यांना सगळ्याचीच भीती वाटते आणि म्हणून नेमके कशाला अडवायचे ते कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘गेमच्या नादातून’ असे लिहिण्यापूर्वी बातमीदाराने, आणि तसे म्हणण्यापूर्वी आई-वडिलांनीही, एक साधा प्रश्न विचारावा : गेम कोणता? जमल्यास मुलाच्या शेजारी बसून तो अर्धा तास खेळूनही पाहावा. मुलगा हसेल, आपण हरू. पण त्यानंतर आपण जे सांगू, ते तो ऐकून घेण्याची शक्यता वाढेल.