शपथेनंतरचे दिवस

उपवासकाळ आला की आपल्यापैकी पुष्कळजण दारू सोडतात. चाळीस दिवस बाटलीला हात लावीत नाहीत, घरची माणसे सुखावतात, आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या! अशा माणसाला आम्ही ढोंगी म्हणणार नाही. जो चाळीस दिवस राहू शकतो त्याच्या अंगी निश्चय आहे हे उघड आहे. एकेचाळिसाव्या दिवशी त्याच्याजवळ बसायला कोणी नसते, ही खरी अडचण आहे. आपण शपथेला टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

मलाजखंडच्या परिसरात हा प्रश्न दूरचा नाही. भोवती मोहाची झाडे आहेत. १९८२ मध्ये तांब्याची खाण सुरू झाली आणि महिन्याच्या महिन्याला पगाराचा पैसाही गावात खेळू लागला. मोहावर आमचा राग नाही. त्याची फुले वाळवून लोक खातात, आणि गोंड व बैगा बांधवांच्या पूजेतही त्याच्या दारूला स्थान आहे. पण सणाची गोष्ट वेगळी आणि पाळी सुटल्यावर रोज संध्याकाळी लागणारी बाटली वेगळी.

येथे १९३५ सालची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला दलाल काही महिन्यांपूर्वी दारू सोडून अॅक्रन या गावी कामासाठी आला होता. काम फिसकटले. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा, आणि पलीकडून दारूच्या गुत्त्यातले हसणे ऐकू येत होते. त्याने काय केले? तेथे लावलेल्या यादीतून चर्चच्या एका धर्मगुरूंना फोन केला आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या अशी विनंती केली. अशा रीतीने डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी त्याची भेट झाली. डॉक्टर पाव तासच बसणार होते, ते कित्येक तास बसले. पुढे महिनाभरात डॉक्टर एकदा घसरले, पुन्हा प्यायले. बिलने त्यांना सोडले नाही. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. मदत मागणाऱ्याने उपदेशक शोधला नाही, आपल्यासारखाच अडचणीतला माणूस शोधला, हे आम्हांला विशेष वाटते.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. तेथील मुक्कामाइतकेच घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व दिले जाते. बायकांसाठीही वेगळा गट आहे, कारण वर्षानुवर्षे सोसलेल्या बाईलाही बोलण्याची जागा लागते.

आता सोडू पाहणाऱ्यांस दोन शब्द. जो रोज भरपूर पितो त्याने एका रात्रीत स्वतःच्या जिवावर बंद करू नये. हातपाय कापतात, घाम सुटतो, झोप जाते; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यापुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा. ते त्रास आवरणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. मग ध्येय लहान धरा. ‘जन्मभर पिणार नाही’ हे ओझे कोणालाच पेलत नाही. ‘आज रात्री झोपेपर्यंत पिणार नाही’ हे पेलते. सकाळी कॅलेंडरवर एक खूण करा आणि रविवारी ते सोबत्याला दाखवा. दारूने यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांच्या संयमाने पुष्कळशी उतरते, हे ऐकून कित्येकांना नवा हुरूप येतो.

एक चूक मात्र आमच्या कानावर वारंवार येते, म्हणून जरा कडक शब्दांत लिहितो. कंटाळलेल्या घरचे लोक डायसल्फिरामची गोळी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या वरणात गुपचूप घालतात. ज्याला ठाऊक नाही तो बाहेर जाऊन पितो, आणि मग ओकाऱ्या, धडधड, रक्तदाब उतरणे, काही वेळा मृत्यूसुद्धा. हे औषध वाईट नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीने, घरच्या माणसाच्या हातून रोज घेतले तर ते उपयोगी पडते. चोरून दिले की तो डावपेच होतो, आणि ज्याच्याशी डावपेच केले तो पुन्हा विश्वास ठेवील कसा?

सोबती कोण असावा? शक्य तर स्वतः सोडलेला. नाही तर शेजारी, पाळीतला मित्र, मेव्हणा. त्याने खिसे तपासू नयेत, तोंडाचा वास घेऊ नये. विचारावे, “काल कसा गेला?” आणि उत्तर ऐकावे. घसरला तर पंचायत बोलावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा यावे आणि कॅलेंडरवर नवी खूण सुरू करावी. आपल्या बांधीतील धानाची रोवणी आपण एकट्याने करीत नाही. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, असे जातो. मग एवढे कठीण काम एकट्याच्या अंगावर टाकताना आपल्याला संकोच कसा वाटत नाही, हे आम्हांला उमगत नाही.

आमची सूचना अशी की, आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चचे सभागृह अशा बैठकीसाठी उघडे ठेवावे. कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा येवो. नाव कोणी बाहेर सांगू नये. दोघे आले तरी बैठक भरवावी. ज्याला लगेच बोलायचे आहे त्याच्यासाठी व्यसनमुक्तीचा १४४४६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

पगाराचा दिवस आणि धान विकल्याचा पैसा खात्यात पडतो तो दिवस, हे दोन सर्वांत धोक्याचे. सोबत्याने ते आधी विचारून ठेवावेत. त्या संध्याकाळी त्याने घरी जाऊन बसावे, चहा घ्यावा, यंदाच्या पिकाची गोष्ट काढावी, आणि रात्री जेवणे झाल्यावरच उठावे.