प्रतिजैविके मेंदूपर्यंत पोहोचावीत यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

शासकीय रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार किंवा रक्तस्रावानंतर मेंदूतले पाणी काढण्यासाठी नळी घातलेला रुग्ण. अशा रुग्णाला मेंदूचा जंतुसंसर्ग झाला की पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवालात एखाद्या औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ असे येते आणि ते सुरू होते. पण रक्तात पुरेसे असलेले औषध मेंदूत पुरेसे उतरेलच असे नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पेशींचा पडदा बहुतेक औषधे अडवतो. संसर्गाने सूज आली की तो सैल पडतो, सूज ओसरली की पुन्हा घट्ट होतो. लिनेझोलिड बऱ्यापैकी पार होते. कोलिस्टिन मात्र सूज नसताना रक्तातल्या पातळीच्या जेमतेम 5 टक्के पोहोचते. दुसरा उपाय उरत नाही तेव्हा हाती घ्यावे लागते ते नेमके कोलिस्टिनच.

म्हणून पहिली मागणी अहवालाबद्दल. पेनिसिलिनच्या 1 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्रेला थांबणारा न्यूमोकोकस न्यूमोनियाच्या रुग्णात संवेदनशील ठरतो आणि मेंदूज्वराच्या रुग्णात प्रतिरोधक, कारण मेंदूज्वरासाठीची मर्यादा 0.06 आहे. जंतू तोच, जागा वेगळी. मेंदूच्या पाण्याचा प्रत्येक अहवाल जागेचा असा विचार करूनच द्यावा, आणि तिथे न पोहोचणारी औषधे त्यावर छापूच नयेत.

दुसरी मागणी डोसची. मेरोपेनेम इतर संसर्गांत बहुधा दर 8 तासांनी 1 ग्रॅम देतात. मेंदूज्वरात 2 ग्रॅम लागते. तसा लेखी नियम प्रत्येक अतिदक्षता विभागात असावा आणि औषधखरेदीही त्याच हिशेबाने व्हावी. डोक्याला मार लागलेल्या तरुण रुग्णांत आणखी एक अडचण येते. त्यांची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जोरात काम करतात, क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला 130 मिलिलिटरच्या वर जातो, आणि औषध लघवीवाटे भराभर निघून जाते. रक्तातले क्रिएटिनिन मात्र नॉर्मल दिसते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

यावर सरसकट डोस वाढवणे हे उत्तर नव्हे. मेरोपेनेमसारख्या बीटा-लॅक्टम औषधांची पातळी फार चढली तर झटके येऊ शकतात. शिवाय मेरोपेनेममुळे झटके थांबवणाऱ्या व्हॅलप्रोएटची पातळी घसरते, हे वेगळेच. त्यामुळे औषधाची पातळी मोजण्याला पर्याय नाही. मुंबईच्या केईएममध्ये क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभाग रक्तातील औषधांची पातळी मोजण्याची सेवा देतो. न्यूरोसर्जरी असलेल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान व्हॅन्कोमायसिन आणि मेरोपेनेमसाठी ही सोय करावी, आणि निकाल पुढचा डोस ठरवण्याआधी मिळावा. आमच्या सर्व मागण्यांत आम्ही या मागणीला सर्वांत वरचे स्थान देतो.

काही रुग्णांना औषध नळीतून थेट मेंदूच्या पोकळीत द्यावे लागते. त्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले औषध हवे आणि ते निर्जंतुक जागी तयार करणारा औषधनिर्माता रात्रीही ड्युटीवर हवा. औषध दिल्यावर नळी 15 ते 60 मिनिटे बंद ठेवावी लागते, नाहीतर ते सगळे वाहून पिशवीत जाते. नळी बंद असताना डोक्यातला दाब चढू शकतो, म्हणून तेवढा वेळ सिस्टरला मॉनिटरसमोरून हलता येत नाही. तिच्याकडे व्हेंटिलेटरवरचे आणखी रुग्ण सोपवलेले असतील तर हे काम सुरक्षितपणे होणार नाही. अशा रुग्णामागे एक परिचारिका, ही आमची ठाम मागणी आहे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावी आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद