बहिणीची सही आणि घरातील अबोला

दिवाळीचे दिवे विझून चारआठ दिवस लोटले म्हणजे आमच्या घाटंजीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची वर्दळ वाढते, आणि त्याच सुमारास मुद्रांकविक्रेते व दस्तलेखक यांच्या मेजांभोवतीही माणसे जमू लागतात. ह्या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे एखादा परगावचा गृहस्थ विचारील. आम्हां वकिलांस तो विचारावा लागत नाही. भाऊबीजेस माहेरी आलेली बहीण सासरी परतण्यापूर्वी तिची सही घेऊन टाकावी, म्हणजे पुन्हा तिला आणविण्याचा खटाटोप नको, असा बेत पुष्कळ घरांत आधीच ठरलेला असतो. ओवाळणीच्या ताटात भाऊ काय घालतो ते सर्व घर पाहते. हक्कसोडपत्राच्या कागदावर बहीण काय टाकून जाते, तिकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते.

एका घरची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तालुक्यातील पुष्कळ वाचकांस ती आपल्याच घरची वाटेल. वडील पावसाळ्याच्या तोंडी वारले. मागे आई, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि आठ एकर कोरडवाहू वावर. थोरला शेती पाहतो, धाकटा यवतमाळास नोकरीस आहे, बहीण चंद्रपुराकडे दिलेली. थोरला पीककर्जासाठी गेला, तो आधी सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून आणा, असे उत्तर मिळाले. नोंद झाली, चार नावे लागली; मग चौघांच्या सह्या हव्यात, असे निघाले. दरसाल पेरणीच्या धांदलीत बहिणीस चंद्रपुराहून आणावयाचे कसे? थोरल्याची ही अडचण खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तो बहिणीस म्हणाला, "बाई, एवढी एक सही करून दे, कर्जापुरती." ती म्हणाली, "भाऊ, कर्जापुरती असेल तर कर्जाच्या कागदावर करते. हक्कसोडपत्र कशाला?"

ह्या एका प्रश्नाने घराचा बांध फुटला. तुझ्या लग्नाचे कर्ज कोणी फेडले, असे थोरल्याने विचारले. चार वर्षे सासूबाईंचे अंथरूण मी काढले, तेव्हा हे हिस्सेदार कोठे होते, असे वहिनी आतून बोलल्या. धाकटा काही बोलला नाही; त्यालाही आपला वाटा सोडावयाचा नव्हता, पण बहीण परस्पर वाईट होते आहे तर होऊ द्यावे, एवढे शहाणपण त्याच्यापाशी होते. तिसऱ्या दिवशी बहिणीने सही केली. त्यास आज सहा वर्षे झाली. तिने माहेरची पायरी चढलेली नाही, आणि मामाच्या गावाची वाट तिच्या मुलांस ठाऊक नाही.

आता ह्या भांडणात खोटे कोण बोलले? आमच्या मते कोणीच नाही. कोर्टातील दाव्यात बहुधा एका पक्षाचे म्हणणे खरे आणि दुसऱ्याचे बनावट असते. घरच्या तंट्यात प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. मात्र ते ज्या दिवशी बोलावयास हवे होते त्या दिवशी कोणी बोललेला नसतो. लग्नाचा खर्च झाला तेव्हा तो हिश्श्यापोटी आहे असे कोणी म्हटले नव्हते. वहिनींनी सासूची शुश्रूषा केली, तिचे मोल कोणी मनातही मांडले नाही. म्हणून ते सहा वर्षांनी नणंदेच्या अंगावर फेकण्याची त्यांना पाळी आली. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो: दुकानाची रोकड रात्री मिळाल्यावाचून जो गृहस्थ जेवावयास उठत नाही, तोच घरची खतावणी वीस वीस वर्षे उघडीत नाही, आणि मग बाप वारल्याच्या तेराव्या दिवशी सगळी बाकी एकदम निघाली म्हणून नवल करतो, हे कोणत्या पेढीच्या शिरस्त्यात बसते?

कायद्याची स्थिती काय आहे, हे सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही नीट ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क दिला. मुलीचे नाव त्यात नव्हते. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याने मुलगी वारस झाली, परंतु वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सेदार झाली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींस वगळून दिला. ही वगळणूक ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा हक्क जन्माचा आहे, त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची जरूर नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहतात. लग्नात दिलेला हुंडा हा हिस्सा नव्हे. तो देणेघेणे १९६१ पासून गुन्हा आहे, आणि दिला तरी तो जातो सासऱ्याच्या घरात, मुलीच्या नावावर नव्हे.

मुलीने हिस्सा मागितला म्हणजे घर फुटते, असे म्हणण्याची चाल आहे. ह्याच जिल्ह्यात पुसद येथे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या पुढारीपणाखाली जंगल सत्याग्रह झाला. सरकारच्या राखीव रानातील गवत कापून लोक तुरुंगात गेले. रान आमचे, त्यावर आमचा हक्क, असे म्हणणाऱ्यांस त्या वेळीही शांततेचा भंग करणारे म्हटले गेले होते. ज्यांच्या आजोबांनी हक्क हा शब्द परक्या सरकारच्या तोंडावर उच्चारला, त्यांस तोच शब्द बहिणीच्या तोंडून ऐकवत नाही, ह्यास काय म्हणावे? घर तिच्या मागण्याने फुटत नाही. ते त्यापूर्वीच आतून पोखरलेले असते, आणि पहिला आवाज तिने केला म्हणून आळ तिच्यावर येतो. आणि हा शब्द काही शहरातील बायकांनी शिकविलेला नव्हे. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविले व पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन लावून दिली. त्यांची घरे बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तथापि २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच निघाल्या. वावरात निंदण-वेचणीस वाकलेल्या पाठी मोजल्या तर हे प्रमाण कोठच्या कोठे जाईल.

मग थोरल्याने करावयाचे काय? कर्जासाठी संमती हवी असेल तर संमतीच घ्यावी. संमती आणि हक्कसोड ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीचे नाव सांगून दुसरीवर सही घेणे ही फसवणूक होय. तशी सही पुढे रद्द करून मागता येते, परंतु मुदत तीन वर्षांची असते, आणि भावावर दावा लावावा की नाही ह्या विचारातच ती तीन वर्षे निघून जातात. बहीण हिस्सा परक्यास विकील व बांधावर तिऱ्हाईत येऊन बसेल, ही भीती पुष्कळांस असते. वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाने बापामागून आलेला हिस्सा विकावयाचा झाल्यास सहवारसास तो घेण्याचा पहिला मान आहे, आणि शेतजमिनीसही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. तेव्हा भावाने हिस्सा विकत घ्यावा. एकदम रक्कम नसेल तर कापसाच्या प्रत्येक हंगामास हप्ता ठरवावा. वहिनींच्या शुश्रूषेचा आकडा उघडपणे हिशेबात धरावा. बहिणी तो नाकारीत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. त्यांस टोचतो तो आकडा नव्हे, टोमणा. आणि बहिणीस खरोखरच काही नको असेल तर तिने खुशाल सोडावे. पण दस्त तिला सावकाश वाचून दाखवावा, आठ दिवस तिच्या घरी ठेवू द्यावा, आणि सहीच्या दिवशी भाऊबीज नसावी. ह्याहून बरे म्हणजे बापाने आपल्या हयातीत, अंगात ताप नसताना, मुलामुलींस एकत्र बसवून बोलावे. पण आमच्याकडे वाटणीचे बोलणे काढणे म्हणजे बापाच्या मरणाची वाट पाहणे, असे समजतात. मग ते बोलणे त्याच्या मरणानंतरच निघते.

गावात तंटा मिटवावा म्हणून १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात सुरू झाली. हेतू उत्तम होता, आणि बांधाचे, पाटाचे, धुऱ्याचे तंटे अशा समित्यांपुढे स्वस्तात मिटतात हे आम्ही जाणतो. परंतु बहिणीच्या हिश्श्याच्या कामी पंचांनी स्वतःस एक प्रश्न विचारावा: समोर बसलेला भाऊ आपल्या गावचा आहे, रोज भेटणारा आहे, आणि बहीण चंद्रपुराहून एकटी आलेली आहे, असे असता "बाई, तूच समजून घे" हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सहज का निघते? मारहाणीच्या प्रकरणात तर हे वाक्य बोलण्याचा अधिकार कोणत्याही पंचास नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आणि संरक्षण अधिकारी आहेत.

वर सांगितलेल्या घरी एक गोष्ट मात्र आमच्याही ध्यानात उशिरा आली. आठ एकरांत चौघांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकी दोन एकर. ते तीन दिवस आई भिंतीस टेकून बसली होती, आणि तिला कोण सांभाळील यावरच अर्धे भांडण चालले होते. तीही दोन एकरांची मालकीण आहे, हे ना मुलांनी म्हटले, ना मुलीने. दस्तावर सही झाली तेव्हा साक्षीदारास पाणी तिनेच आणून दिले.