विद्यापीठाच्या सभागृहात विद्यार्थ्याची जागा

ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नाटक शासनाने पदवी अभ्यासक्रमात कन्नड सक्तीचे करणारा आदेश काढला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार घेऊन अशी सक्ती करू नये, असा अंतरिम निर्देश न्यायालयाने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दिला. कन्नड ही आपल्या शेजाऱ्यांची समृद्ध भाषा आहे. ती शिकण्यात कोणताही कमीपणा नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या गुणपत्रिकेत हा विषय उमटणार होता, त्या विद्यार्थ्याने निवडून दिलेला प्रतिनिधी विद्यापीठाच्या सभागृहात नव्हता. जे बोलणे अभ्यासमंडळात व्हायचे, ते न्यायालयात करावे लागले.

भाषेचा निर्णय विद्यार्थ्याला वगळून घेण्याची ही रीत जुनी आहे. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. परंतु माध्यम उर्दू होते आणि संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची हकालपट्टी झाली, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यात या पिढीचा वाटा मोठा आहे. आपले म्हणणे ऐकून घेणारी जागा विद्यापीठात नसेल, तर विद्यार्थी ती बाहेर शोधतो, हा त्या प्रसंगाचा धडा.

आज स्थिती काय आहे? कर्नाटकात महाविद्यालयीन निवडणुका तीन दशकांहून अधिक काळ बंद आहेत. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासह ११ विद्यापीठांतील अधिसभा इतिहासजमा झाली. महाराष्ट्राकडे बोट दाखवून आपण सुटू शकत नाही. तेथे १९९४ च्या कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेनुसार नेमणूक आणली. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुकीची तरतूद झाली, पण २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन ती पुढे ढकलण्यात आली. सत्ता कोणत्याही पक्षाची वा भाषेची असो, विद्यार्थ्याच्या मताची धास्ती सर्वांना सारखीच दिसते.

निवडणुका आल्या की पैसा आणि हाणामारी येते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. म्हणूनच लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा घातली. वयाची आणि उपस्थितीची अट सुचवली. रोगावर औषध उपलब्ध असताना रोग्यालाच घराबाहेर काढण्यात कसला शहाणपणा?

मात्र सीमाभागातील मराठी माणसाने येथेच थांबून चालणार नाही. उद्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात निवडणुका सुरू झाल्या, तरी बेळगाव आणि विजयपूर या जिल्ह्यांच्या मतमोजणीत मराठी विद्यार्थी अल्पसंख्यच राहणार. केवळ संख्येच्या बळावर त्याचा आवाज सभागृहात पोहोचणार नाही. म्हणून मागणी नेमकी हवी: विद्यापीठाच्या क्षेत्रात जी अल्पसंख्य भाषा शिकवली जाते, तिच्या विद्यार्थ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी त्या भाषेच्या अभ्यासमंडळावर आणि विद्यापरिषदेवर असावा. पाठ्यपुस्तक कोणते, प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत, रिक्त प्राध्यापकपद कधी भरणार, हे प्रश्न तेथे सुटतात. मोर्चाच्या घोषणांनी ते क्वचितच सुटतात.

हाच नियम मराठीच्या घरातही लागू हवा. सोलापूरच्या विद्यापीठातील कन्नड वा उर्दू विद्यार्थ्याला आपण ही जागा देण्यास तयार नसू, तर बेळगावात ती मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरणार नाही.

आपल्या चळवळीने सीमेचा नकाशा अनेक वर्षे जपला. तो दावा न्यायालयात आहे आणि निकालाची तारीख आपल्या हातात नाही. दरम्यान दरवर्षी नवी पिढी महाविद्यालयाची पायरी चढते आहे. तिच्यासाठी एक निवेदन, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून, कुलगुरूंच्या टेबलावर ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. ते विद्यार्थ्यांनीच लिहावे. वडीलधाऱ्यांनी त्याखाली सही करून त्यांच्या मागे उभे राहावे.