दुपारची वीज दुपारीच

धारच्या पवारांबरोबर माळव्यात जाऊन तिथेच रुजलेल्या मराठी कुटुंबांपैकी बदनावरातले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. तेवढाच संच या घराच्या गच्चीवर आहे असे धरू. निरभ्र दिवशी तो सुमारे १२ युनिट वीज देतो. पण मुख्यतः दहा ते चार या वेळात, जेव्हा मुले शाळेत आणि कर्ती माणसे कामावर असतात. फ्रिज आणि एखादा पंखा भागवून उरलेली वीज मीटरमधून बाहेर जाते, आणि दिवेलागणीला तेच घर बाहेरून वीज घेते.

'यात बिघडले कुठे?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. नेट मीटरिंगमध्ये दिलेले युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होते, म्हणजे वीजकंपनी ही आपली बँकच झाली! माझ्या मते ही समजूत सोयीची आहे, खरी नाही. बाहेर गेलेली वीज आपल्या नावाने कुठे पडून राहत नाही. ती त्याच क्षणी कोणीतरी वापरावी लागते. गल्लीतली सगळीच घरे दुपारी वीज बाहेर ढकलू लागली की तारांतला दाब वाढतो. संध्याकाळी तीच घरे एकदम मागणी करतात आणि तेव्हा ऊन नसते. हिशेबात दोन्ही युनिटे सारखी, प्रत्यक्षात मुळीच नाहीत. केंद्राने २०२३ साली ग्राहकहक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून स्मार्ट मीटरवाल्यांसाठी उन्हाच्या तासांत स्वस्त आणि ऐन मागणीच्या वेळी महाग दराचे तत्त्व घातले, ते याच कारणाने.

तेव्हा कामेच उन्हाच्या वेळेला न्यावीत. परंतु त्यासाठी घरातल्या बाईने दुपारभर मीटरकडे डोळे लावून बसायचे काय? स्वयंचलन हवे ते इथे. (मोबाइलवरून रंगीत दिवे लावण्याच्या हौसेलाही हेच नाव देतात, ती गोष्ट निराळी.) मीटरजवळ बसवलेला छोटा मापक बाहेर किती वीज चालली ते सांगतो. 'होम असिस्टंट'सारखी मोफत संगणकप्रणाली तो आकडा पाहत असते. दोन किलोवॅटहून अधिक वीज पाच मिनिटे बाहेर जात राहिली की गिझर सुरू, ढग आला की बंद. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सव्वा युनिट पुरते. अंघोळ मात्र संध्याकाळी करावी हे उत्तम; आजोबा ऐकणार नाहीत, हे खरे.

पाण्याच्या मोटारीला अधिक जपावे लागते. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. तिला नाजूक स्मार्ट प्लग चालत नाही, कॉन्टॅक्टर हवा. एकदा सुरू झाली की टाकी भरेपर्यंत चालू द्यावी, ढगागणिक चालू-बंद करू नये. आणि भिंतीवरचे साधे बटण कदापि काढू नये. पाहुणे आले नि पाणी हवे झाले तर यंत्राची परवानगी कोण मागणार? घरघंटी तर यंत्राच्या हाती देऊच नये.

बॅटरीनेही हे साधते, पण ती महाग, आणि काही वर्षांनी बदलावी लागते. भरलेली टाकी आणि तापलेले पाणी हीही साठवणच आहे.

आपल्या वसतिगृहाची मोटार दिवसाच्या कोणत्या तासाला चालते आणि का, याची महिनाभर नोंद ठेवण्यास विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना अडचण नसावी.