आधी लेकरू, मग गोळ्या

ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. त्यात वयात आलेली पोर सहा महिने गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर असतोच. म्हणून साखर कारखाने सुरू होण्याआधी तिचं लग्न उरकतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात पाचात एक निघाल्या, बीडमध्ये दहात चारांहून जास्त.

हे लग्न रोखायला फलक आहेत, हेल्पलाइन आहे. ते होऊन गेलं की पुढे त्या मुलीचं काय, यावर मात्र सगळे गप्प. आशाताईंकडे निरोध आणि माला-एन असतात. त्या घरी येतातही, पण बहुधा पहिलं लेकरू झाल्यावर. त्याआधी गोळ्या घेतल्या तर पिशवी खराब होते, ही सासूची खात्री असते. आणि सुनेचं कागदावरचं वय तर एकोणीस लिहिलेलं!

2014पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. आपल्याकडे त्याची मैत्री क्लिनिकं आहेत. नाव छान. पण तिथे जायला एसटीचं भाडं लागतं, सोबत कुणीतरी लागतं, आणि केसपेपरच्या रांगेत निम्मी ओळखीचीच माणसं असतात.

खरी अडचण त्याहून खोल आहे. पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतला शरीरसंबंध गुन्हा, आणि तो कळल्यावर पोलिसांना सांगणं डॉक्टर-नर्ससकट सर्वांना बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालानंतर नवऱ्यालाही सूट नाही. गोळी मागायची तर नवरा आत जाणार, आणि उचल अंगावर राहणार. कोणती मुलगी मागेल? त्याच न्यायालयाने 2022मध्ये वाट थोडी मोकळी केली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना देण्याची गरज नाही. दिवस गेल्यावर मिळणारं हे संरक्षण दिवस जाणं टाळू पाहणाऱ्या मुलीला मात्र इतक्या स्पष्टपणे कुणी दिलेलं नाही. मला हे उफराटं वाटतं.

तिलाही असं संरक्षण दिलं तर बालविवाहाला मोकळीक मिळेल, असं काही जण म्हणतील. जबरदस्तीची तक्रार नोंदवलीच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण लग्न रोखण्यात आपण हरलो, त्याची शिक्षा तिने सतराव्या वर्षी बाळंतपणाने का भोगायची? रक्त कमी, कोपीत राहणं, पहाटेपासून मोळ्या उचलणं, त्यात पोट.

सातारा जिल्हा परिषदेने 2007मध्ये पहिलं मूल लांबवणाऱ्या जोडप्यांना रोख पैसे देऊ केले होते. ‘हनिमून पॅकेज’ म्हणून त्याची थट्टा झाली असेल, पण पहिल्या मुलाआधीच जोडप्याशी बोलायचं असतं, एवढं तरी त्या परिषदेला सुचलं.

ऊसतोडीच्या गावांत हे बोलणं ट्रॅक्टर सुटण्याआधी व्हायला हवं. फडावर गेलेली मुलगी गावच्या आशाच्या हाती लागत नाही आणि तिथल्या आशाच्या यादीत नसते. तब्येत विचारून, वयाचा दाखला न मागता, सहा महिन्यांच्या गोळ्या आणि निरोध निघतानाच तिच्या हाती द्यावेत.