सव्वीस आठवडे संपल्यानंतर

प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला विश्रांती आणि वेतन दोन्ही मिळाले पाहिजे, हे तत्त्व मुंबई इलाख्याने 1929 च्या कायद्याने मान्य केले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही विश्रांती राष्ट्रहिताची आहे आणि म्हणून तिचा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. पुढे 1961 मध्ये देशासाठी मातृत्व लाभ अधिनियम झाला, 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या गेल्या; परंतु भार कोणी उचलायचा आणि रजा संपल्यावर बाळ कोणाकडे ठेवायचे, हे दोन प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे, आणि दोन अपत्ये हयात असताना पुढच्या अपत्यासाठी 12 आठवडे रजा मिळते. 26 आठवड्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. मात्र प्रकृतीच्या कारणाने ते सर्व आधीच वापरावे लागले, तर बाळंतपणानंतर अठराच आठवडे, म्हणजे जेमतेम चार महिने, हाती उरतात. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, त्यामुळे अशा आईला कामावर रुजू होतानाच दूध काढून साठवण्याची सोय पाहावी लागते. हे दूध 25 अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास आणि फ्रीजमध्ये सुमारे चार दिवस टिकते, हे ध्यानात घेतले तर कार्यालयात स्वच्छ, बंद खोली आणि फ्रीज असणे ही चैन नव्हे, हे सहज पटते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोजच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी आणखी दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण बाळ दहा-पंधरा किलोमीटर दूर असेल, तर ती सुट्टी कागदावरच राहते.

सरकारी व्यवस्थेतील खरी पोकळी यापुढे सुरू होते. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते आणि तेही दिवसातील काही तासच चालते. तीन वर्षांखालील बाळाला तेथून घरी नेण्याचा आहार व लसीकरणासाठी साहाय्य मिळते, पण दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. म्हणजे रजेचा सहावा महिना आणि अंगणवाडीचे तिसरे वर्ष यांच्यामध्ये अडीच वर्षांचे अंतर पडते, आणि ते भरून काढण्याचे काम आजी, सांभाळणाऱ्या मावशी किंवा सोसायटीतले घरगुती पाळणाघर करते. यातली मावशी बहुधा स्वतःचे मूल थोरल्या मुलीच्या किंवा शेजारणीच्या हवाली करून आलेली असते, आणि तिला स्वतःला ना पगारी रजा असते ना पाळणाघर. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड दिली जाते, ही दिशा योग्य आहे; परंतु ती अपवाद न राहता नियम झाल्याशिवाय हे अंतर बुजणार नाही.

50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने, म्हणजे कारखाना, कार्यालय, दुकान अशा कामाच्या ठिकाणाने, पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे कायदा सांगतो. लहान आस्थापनांना ही अट जड वाटते, म्हणून नव्या संहितेने अनेक आस्थापनांना मिळून एक पाळणाघर चालवण्याची, तसेच नगरपालिकेच्या किंवा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराचा लाभ घेण्याची मुभा दिली आहे. पिंपरी-चिंचवड किंवा अंबड-सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींना ही मुभा विशेष उपयोगाची आहे, कारण तेथे लहान कारखाने एकमेकांना लागून आहेत. बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवता येते, हे 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेस या संस्थेने दाखवून दिलेच आहे.

सांभाळाची सगळी आखणी आईच्याच रजेभोवती होते, याचे एक कारण असे की, खासगी क्षेत्रातील पित्याला प्रसूतीनिमित्त रजा देण्याचे बंधन केंद्रीय कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. आई लवकर रुजू होणार असेल, तर हे दिवस तिच्या परतण्याच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवणे आणि त्या काळात बाळाला पाळणाघराची सवय वडिलांनी लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. दुसरीकडे, आईच्या रजेचा पूर्ण पगार मालकाच्याच खिशातून जात असल्याने तरुण स्त्रीला नोकरी देतानाच हात आखडता घेण्याचा मोह त्याला होतो. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगार स्त्रीला मात्र हा लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या निधीतून मिळतो, त्यामुळे तेथे एकट्या मालकावर भार पडत नाही.

डॉ. आंबेडकरांनी सुचवलेली वाट विमा निधीच्या रूपाने अंशतः चालून झालेली आहे. तीच रुंद करून रजेचा खर्च सर्वच वेतनगटांसाठी सामाजिक विम्यातून भागवणे, पित्याच्या रजेला कायद्याचे बळ देणे आणि सहा महिने ते तीन वर्षे या वयासाठी प्रत्येक वॉर्डात व औद्योगिक वसाहतीत देखरेखीखालचे पाळणाघर उभे करणे, ही तिन्ही कामे एकत्र हाती घेतली पाहिजेत. केवळ रजेचे आठवडे वाढवल्याने आईची नोकरी टिकत नाही. ती टिकते, तिच्या कामाच्या वेळेत बाळ सुरक्षित हातांत असले तरच.